बाबांची वॅगन-आर: अख्खी विकावी की सुटी करून?

बी-२०४: सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. एक सल्ला पाहिजे, थोडं लांब लिहिते आहे. बाबांची २०१० ची वॅगन-आर सगळ्यांनी पाहिलीच आहे, डी विंगच्या भिंतीला लागून उभी असते. ऑगस्टमध्ये तिला १५ वर्षं झाली आणि आरसीची (नोंदणीची) मुदत संपली, तेव्हापासून रस्त्यावर काढलेली नाही. बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि माझ्याकडे माझी एक आहेच. इंजिन अजून पहिल्या सेल्फला सुरू होतं. पण २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा ती सीटपर्यंत पाण्यात होती. एक डीलर 'जशी आहे तशी' ३५ हजार देतो म्हणतो. बाबांचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, खोलून विकली तर ६०-६५ सुटतील. काय करावं?

सी-३०३: ताई, सरळ खोला. २०१० पासूनच्या वॅगन-आरला के-१०बी इंजिन आहे, ९९८ सीसी. तेच अल्टो के-टेनला, तेच पहिल्या सेलेरिओला. नागपुरात या गाड्या किती फिरून राहिल्या पाहा ना. स्टार्टर, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, काहीच पडून नाही राहत. ३५ मध्ये देऊन काऊन नुकसान करता?

बी-४०२: रिन्यू करून अख्खी विकता नाही येणार का? चालती वॅगन-आर लाखाच्या आसपास जाते.

ए-१०१ काका: रिन्यूअलची फी कारला ५,००० आहे, पर्यावरण कर वेगळा. पण त्याआधी गाडी गिरीपेठला आरटीओत तपासणीत पास व्हायला पाहिजे. बेटा, पुरानंतर तू फ्लोअर पाहिला होतास का? वरून नाही, कार्पेट उचलून.

बी-२०४: काका, आत्ता खाली जाऊन पाहून आले. ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचललं तर खालच्या फेल्टमध्ये नाग नदीचा गाळ अजून आहे. वाळून पापडासारखे पोपडे झालेत, हात लावला की भुगा होतो. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर नाही दिला, नुसता टेकवला, तर आत गेला. ॲक्सिलरेटरच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढं भोक आहे, त्यातून पार्किंगची फरशी दिसते. मागच्या सीटखालीही तेच.

त्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर सगळे म्हणत होते, एकदा सेल्फ मारून पाहा. बाबांनी कोणाला चावी लावू दिली नाही. आधी बॅटरीची वायर काढली, मग टो करून नेली, मेकॅनिकने प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढलं, ऑइल दोनदा बदललं. इंजिन त्यामुळेच वाचलं. पाणी भरलेल्या सिलिंडरवर सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकू शकला असता. विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यात पुराचं नुकसान बसत नाही, म्हणून २८ हजार घरचे गेले. आणि एवढं करून फ्लोअरकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. मला फार वाईट वाटलं आज.

ए-१०१ काका: वाईट वाटून घेऊ नको. आतून गंजतो, दिसत नाही. पण मग रिन्यूअलचा विषय संपला. एवढा फ्लोअर वेल्डिंग करून पास करायचा म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च.

सी-३०३: म्हणूनच म्हटलं, खोला.

डी-१०२ काकू: मला एक सांगायचं आहे. आमच्या यांनी स्कूटर विकली होती एका ओळखीच्याला. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या, तो म्हणाला नाव मी करून घेतो. त्याने पुढे दुसऱ्याला विकली. दोन वर्षांनी आमच्या घरी कोर्टाचा कागद आला, अपघाताच्या दाव्याचा. स्कूटर कोण चालवत होतं तेही आम्हाला माहीत नाही. वकिलाकडे खेटे घालून यांचं बीपी वाढलं. तुमच्या गाडीची तर आरसीच संपलेली आहे, रिन्यू केल्याशिवाय ती दुसऱ्याच्या नावावर होणारच नाही. मग डीलर तिचं काय करणार, हे आधी विचारा त्याला.

ए-१०१ काका: काकूंनी मुद्द्याचं सांगितलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हात फिरली तरी. अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागतात. आणि सुटी करून विकली तरी कागद सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची, मग नोंदणी रद्द होते. भंगारवाला गाडी कापून मोकळा होतो आणि नंबर बाबांच्या नावावर जिवंत राहतो. चेसिस नंबरची पट्टी दुसऱ्याच गाडीला लागली तर पोलीस तुझ्या दारात येतील.

बी-२०४: डीलरला फोन केला. म्हणाला, "कागदाचं टेन्शन घेऊ नका मॅडम, गाडी गावाकडे जाणार आहे." म्हणजे बाबांच्या नावावर, फिटनेस नसलेली, फ्लोअरला भोक असलेली गाडी कुठल्यातरी गावात माणसं घेऊन फिरणार. त्याला नाही म्हटलं.

सेक्रेटरी: गाडी खोलायची ठरली तरी कृपया पार्किंगमध्ये नाही. ऑइल, कूलंट सांडतं, आणि लहान मुलं तिथेच खेळतात.

सी-३०३: हो ताई, ते माझ्या लक्षात नाही आलं. खोललेली बॉडी ठेवायची कुठे, हाच मोठा प्रश्न आहे.

बी-२०४: आज मेकॅनिकसोबत बसून त्याच्या ६५ हजारांचा हिशेब एकेक करून मांडला. इंजिन २२, गिअरबॉक्स ८, चार दरवाजे आणि डिकी मिळून ११, कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर मिळून ९, बाकी काच, लाइट, सस्पेन्शन, टायर आणि उरलेल्या पत्र्याचं भंगार. यातून खोलायची मजुरी आणि गाडी नेण्याचं भाडं जाणार. दरवाजे तो स्वतःच म्हणाला की वर्षभर पडून राहू शकतात. एसीचा भरवसा नाही, पाण्यात होता. आणि इंजिन ज्याच्या गाडीत बसणार त्याला आपल्या आरसीत नवीन इंजिन नंबर चढवावा लागतो, त्यासाठी तो आमच्या गाडीचे कागद मागणार. हातात लवकर येणारे पैसे ३०-३५ च्या वर जात नाहीत. बाकीचे उधारीवर आणि मेकॅनिकच्या सवडीवर.

मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटरला फोन लावला. वजनावर २४ हजार म्हणाले, गाडी इथून तेच उचलून नेतील. इंजिन, गिअरबॉक्स, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा भाग) जागेवर पाहिजे. बॅटरी आणि स्टेपनी काढली तर चालेल, तेवढं वजन कमी धरतील. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला देतात, नवीन गाडी घेताना त्यावर नोंदणी फी माफ होते आणि करात सवलत मिळते. भाऊ दिवाळीनंतर गाडी घेणार आहे, ते सर्टिफिकेट त्याला देता येईल.

ए-१०१ काका: उत्तम. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेवढं पाहून घे.

बी-२०४: काका, आहे! कर्ज २०१५ मध्येच फिटलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कधी आरटीओत दिलाच नाही. बाबांच्या फाइलमध्ये बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) सापडली, पण जुनी आहे, बँकेकडून नवीन आणावी लागेल. आधी ते करते. फास्टॅगही बंद करायचा आहे.

बी-४०२: बाबा काय म्हणतात?

बी-२०४: बाबा काल संध्याकाळी अर्धा तास गाडीत बसून होते. पहिल्यांदा शेगावला नेली होती तेव्हा डॅशबोर्डवर गजानन महाराजांचा फोटो लावला होता, तो सोडवून घरी आणला. गोंद सुटत नव्हता तर ब्लेडने कडा हळूहळू सोडवत बसले, मला हात लावू दिला नाही. वर आल्यावर म्हणाले, "कापायची तर कापा, पण माझ्या नावावर दुसऱ्या कोणाच्या हाती नको." डीलरपेक्षा ११ हजार कमी मिळतील, पण सेंटरलाच द्यायची ठरली.

सी-३०३: ताई, स्टेपनी कशी आहे? माझ्या भावजीची सेम मॉडेल आहे.

बी-२०४: एकदाही लावलेली नाही, पण १५ वर्षांचं रबर आहे, त्यावर गाडी चालवू नका. डिस्क चांगली आहे, टायर नवीन टाका. पैसे नकोत. बॅटरी एप्रिलमध्येच घेतली, सोसायटीच्या इन्व्हर्टरला चालणार नाही, डी-१०२ च्या गाडीला बसते का पाहा.

डी-१०२ काकू: बसते. पण पैसे देईनच हं.

बी-२०४: बँकेची एनओसी मिळाली, बोजा उतरला. शनिवारी सकाळी ९ वाजता उचलायला गाडी येईल. डी विंगच्या भिंतीकडे शुक्रवारी रात्री कोणी स्कूटर लावू नका, क्रेनला वळायला जागा लागेल. बाबा खाली येणार आहेत, त्यांच्यासाठी कोणी एक खुर्ची आणून ठेवाल का?

ए-१०१ काका: मी आणतो. दोन आणतो.