हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात? मग नेमकं काय मोजलं ते सांगा

मोजपट्टी
‘स्क्रीनवरची बंदूक उद्या मुलाच्या हातात’ हा धागा सकाळपासून वर आहे. त्यात दोनच गोष्टी म्हटल्यात: मारामारीचे गेम खेळणारी मुलं मारकुटी होतात, आणि हे ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’. पहिलीवर वाद घालू. दुसरी वाचून गप्प बसवत नाही.

सिद्ध झालंय म्हणजे काय झालंय? प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला थोडा वेळ गेम खेळायला देतात. मग सांगतात की पलीकडच्या खोलीत एक जण आहे, दोघांनी बटण दाबायची शर्यत लावायची. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा आणि किती वेळ, हे जिंकणाऱ्याने ठरवायचं. पलीकडे कुणीच नसतं, हारजीत संगणक ठरवतो. अशा साधारण २५ फेऱ्या.

आता यातून ‘आक्रमकता’ काढायची कशी? पहिल्या फेरीचा आवाज धरायचा की सगळ्यांची सरासरी? मोठेपणा आणि वेळ यांचा गुणाकार करायचा, की फक्त सगळ्यात मोठे आवाज मोजायचे? मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी ही चाचणी वापरलेले १३० शोधनिबंध तपासले, तर हिशोबाच्या १५० हून जास्त तऱ्हा निघाल्या. निकाल हाती आल्यावर तऱ्हा निवडायची मोकळीक असेल, तर हवं ते ‘सिद्ध’ होतं. आणि हेडफोनमधला आवाज म्हणजे शाळेतली मारामारी नव्हे.

कडूलिंब
सगळ्यात कच्चा प्रयोग निवडून त्यावर हात साफ केलात. २०१८ साली २४ अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण झालं, त्यात हेडफोन नव्हते. १७,००० हून जास्त मुलं, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत पाठपुरावा, आणि मोजली ती प्रत्यक्ष मारहाण. मूल आधीपासून किती मारकुटं होतं ते वजा केल्यावरही परिणाम उरला. ते का गाळलंत?

मोजपट्टी
गाळलं नाही, आकड्यापर्यंत पोहोचत होतो. उरलेला परिणाम ०.०८ च्या आसपास (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). त्याचा वर्ग करा: मुलामुलांमधल्या फरकातला एक टक्कासुद्धा त्यातून उलगडत नाही. २०१९ साली ऑक्सफर्ड आणि कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. आकडेमोड कशी करणार हे आधीच जाहीर करून ठेवलं. गेम हिंसक की नाही हे मुलांना न विचारता अधिकृत मानांकनावरून ठरवलं, वागणूक पालकांना विचारली. संबंध सापडला नाही.

कडूलिंब
तो अभ्यास म्हणजे एकदाच काढलेला फोटो. मुलं पुढे कशी बदलली हे त्यात दिसतच नाही. शिवाय मुलं १४-१५ वर्षांची. माझी काळजी आठ-नऊ वर्षांच्यांची आहे, त्यांच्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. आणि लाखो मुलं खेळतात तेव्हा छोटा परिणामही छोटा राहत नाही.

भुंगा
हेच सगळं १९५४ साली कॉमिक्सबद्दल चाललं होतं. फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं लिहिलं, अमेरिकेच्या सिनेटपुढे साक्ष दिली, घाबरून प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली. २०१२ मध्ये संशोधक कॅरोल टिली यांनी त्याची मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा मुलांच्या बोलण्यात त्याने फेरफार केल्याचं उघड झालं. तोवर अर्धशतक उलटून गेलेलं.

कडूलिंब
वर्थॅम खोटा निघाला म्हणून आजचे सगळे संशोधक खोटे? मूळ मुद्द्यावर या.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावरच येते. ‘गेम खेळून हिंसक झाला’ असं पालक म्हणतात तेव्हा त्यांनी बहुतेकदा काय पाहिलेलं असतं? गेम बंद करायला लावल्यावरचा भडका. पाच विरुद्ध पाचची ऑनलाइन मॅच अर्धा-पाऊण तास चालते आणि सहसा हवी तेव्हा थांबवता येत नाही. मधेच बाहेर पडलं तर रँकचे गुण कापले जातात, पुढची मॅच मिळायला ताटकळावं लागतं, पुन्हा तेच केलं तर शिक्षा वाढते. उरलेले चौघे हरतात आणि मॅच सोडून गेलेल्याला शिव्या पडतात. अशा विसाव्या मिनिटाला कुणी येऊन वायफाय बंद करतं. कंट्रोलर भिंतीवर आदळतो आणि दोष बंदुकीला जातो. फुटबॉलचा गेम असता तरी हेच झालं असतं.

२०१४ च्या प्रयोगांत हे तपासलं आहे. हाफ-लाइफ २ हा बंदुकीचा गेम असा बदलला की शत्रू मरण्याऐवजी नुसता नाहीसा व्हावा. काहींना आधी खेळायला शिकवलं, काहींना नाही. गेम हिंसक होता का, यापेक्षा नीट खेळता येत होतं का, यावर चिडचिड ठरली.

कडूलिंब
म्हणजे रँक बुडू नये म्हणून आईबापांनी दाराशी उभं राहायचं? घर गेमच्या घड्याळावर चालवायचं? हा शुद्ध लाडावलेपणा आहे.

रात्रपाळी
लाडावलेपणा हा शब्द मागे घ्या, मी वेळ वाढवून द्या म्हटलेलं नाही. साडेनऊला बंद व्हायला हवं आणि मॅच चाळीस मिनिटांची असेल, तर पावणेनऊनंतर नवी मॅच लावायची नाही. नियम मॅच सुरू होण्यावर घाला, संपण्यावर नको. प्लेस्टेशन आणि स्विच या दोन्ही कन्सोलांत, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांत, वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की गेम थेट बंद पाडायचा, हे निवडता येतं. थेट बंद निवडलंत की रोज भांडण. सूचना निवडा, आणि ती पाळली नाही तर उद्याचा वेळ कापा.

दुसरं म्हणजे व्हॉइस चॅट. डब्यावरचं १२, १६, १८ हे मानांकन गेममधल्या मजकुराचं असतं. अनोळखी माणसं हेडफोनमधून काय बोलतील, ते त्यात धरलेलंच नसतं. मुलं उचलतात ती तिथली भाषा. चॅट ‘फक्त मित्र’वर ठेवा. कन्सोलचं सेटिंग बदललं तरी गेमच्या आतलं वेगळं असू शकतं, तेही बघा.

भुंगा
तिसरी जागा राहिली. गेममधलं चॅट बंद केलं की मुलं दुसऱ्या ॲपवर कॉल लावून खेळतात. तिथे गेमचं कुठलंच सेटिंग चालत नाही.

कडूलिंब
थांबा. मुलं हेडफोनमधली शिवीगाळ उचलतात असं तुम्हीच म्हणताय. मग ऐकलेलं उचलतात आणि पाहिलेलं उचलत नाहीत, हे कसं? १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराच्या प्रयोगात मोठ्यांनी बाहुलीला हातोडीने मारलं, मुलांनी तसंच मारलं, आणि तोंडचे शब्दही तेच वापरले.

मोजपट्टी
ती बाहुली ठोसा खाऊन परत उभी राहायलाच बनवलेली होती. तिला मारणं आणि वर्गातल्या मुलाला मारणं यात अंतर आहे. पण शिवीगाळीचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र म्हटल्यात: ओरडणं, ढकलणं इथवर छोटा संबंध दिसतो, गंभीर हिंसेशी जोडायला पुरावा पुरेसा नाही.

कडूलिंब
ओरडणं-ढकलणं मान्य केलंत, आभारी आहे. बंदुकीचा मथळा अतिरंजित होता, तेवढं मी सोडते. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात १८ चा गेम, हे सोडणार नाही.

रात्रपाळी
ते सोडा असं या धाग्यात कुणीच म्हटलेलं नाही. फक्त मोठ्या भावाच्या खात्यावरून खेळू देऊ नका. वयाचं बंधन खात्याला लागतं, मुलाला नाही. धाकट्याचं वेगळं खातं, त्याची खरी जन्मतारीख, आणि मोठ्याच्या खात्याला पिन.