विंडोज ९८ आणि जास्तीची रॅम

विंडोज ९८ टाकताना ‘मेमरी अपुरी’ असा मेसेज येतो, या प्रश्नावर कुणी दिलेला ‘रॅम खराब असेल, बदलून टाका’ हा सल्ला पटला नाही. थिंकपॅड टी२३ या जुन्या लॅपटॉपमध्ये १ जीबी रॅम असताना विंडोज ९८ सुरू होतानाच ‘मेमरी अपुरी’ म्हणतं, ते रॅम जास्त झाल्यामुळे. रॅम बघून व्हीकॅश (विंडोजचा कॅश सांभाळणारा भाग) फाइल कॅशची, म्हणजे फाइलींचा डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेची, मर्यादा ठरवतं. ५१२ एमबीच्या पुढे ते मेमरीचे इतके पत्ते अडवतं की बाकीच्या कामांना जागाच उरत नाही.

रॅमची एक स्टिक (पट्टी) काढून इन्स्टॉल पूर्ण करा. मग सिस्टम.आयएनआय ही विंडोजच्या सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडून [व्हीकॅश] खाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ टाका (इंग्रजी अक्षरांत; आकडा केबीत, म्हणजे २५६ एमबी). सेव्ह करा, मशीन बंद करा आणि मगच दुसरी स्टिक लावा. चांगल्या स्टिक कृपया भंगारात देऊ नका, जुनी एसडीरॅम (या लॅपटॉपला लागते ती रॅम) आता शोधावी लागते.