क्योतोत गाडी-गाइड करून घालवलेला दिवस: तुमचे अनुभव सांगा

ओसरी
काल शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी जपानमधल्या क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो या बौद्ध देवळाचा फोटो टाकला (आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांकडे बाहेरचेच असतात) आणि बाबांबरोबरचा तो अख्खा दिवस डोळ्यांपुढे आला. आईचे गुडघे दुखरे, बस बदलत हिंडणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून एक दिवस गाडी आणि सोबत गाइड बाई ठरवल्या होत्या. बाई निवृत्त शिक्षिका. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, तुम्हाला आवड कशाची? बाबा म्हणाले, मी संस्कृत शिकवायचो. झालं! बाईंनी यादीतलं किन्काकुजी, म्हणजे सोनेरी देऊळ, बाजूला ठेवलं आणि गाडी सान्जूसान्गेन्दोकडे घ्यायला सांगितली.

साधारण 120 मीटर लांब लाकडी वास्तू. आत 1001 कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. मधला मोठा बसलेला, बाकीचे हजार दोन्ही बाजूंना रांगांनी उभे, सगळ्यांना सोन्याचा मुलामा. बघणारे त्यातच हरवतात. बाई मात्र बाबांना पुढच्या रांगेतल्या 28 रक्षक देवतांपाशी घेऊन गेल्या. तिथे पंखवाला गरुड बासरी वाजवतोय. काठी टेकून उभा हाडकुळा वसू ऋषी. इंद्र, ब्रह्मा, नारायण, सगळे हजर. बाई जपानी नाव सांगायच्या, बाबा संस्कृत नाव सांगून त्याची गोष्ट सांगायचे, मी मध्ये इंग्रजीत दुभाषी. बाई वहीत लिहून घेत होत्या! त्या दिवशी मोजकीच ठिकाणं झाली, पण बाबा शेवटपर्यंत त्या गरुडाबद्दल बोलायचे. आता ते नाहीत.

तुमच्यापैकी कुणी असा दिवस घालवला असेल तर लिहा. कुठे गेलात, कुणी दाखवलं, काय लक्षात राहिलं. क्योतोच हवं असं नाही, जवळचं नारा शहरही चालेल.

सह्यकडा
ओसरी, काय सुंदर लिहिलंय. बाबांना तोजीचं देऊळ दाखवलं का? तिथल्या कोदो दालनात चार तोंडांचा ब्रह्मदेव हंसांवर बसलाय आणि इंद्र हत्तीवर. नवव्या शतकातल्या मूर्ती. मी बराच वेळ तिथून हललो नाही. पाच मजली पॅगोडाही तिथलाच, सुमारे 55 मीटर उंच, शिनकानसेन बुलेट ट्रेनमधून दिसतो तो. दर महिन्याच्या 21 तारखेला आवारात बाजार भरतो, शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक कूकाई, त्याच्या पुण्यतिथीची तारीख म्हणून. जमलं तर तो दिवस गाठाच.

चाफा
आम्ही गाडी घेतली होती, गाइड नाही. चालक चांगला इंग्रजी बोलायचा. पण तो देवळात येत नाही हे तिथे गेल्यावर कळलं, तो पार्किंगला थांबतो. ज्या कंपनीतून ठरवलं त्यांनी हे आधी सांगितलंच नाही. ठरवताना स्पष्ट विचारा बायांनो, "आत सोबत कोण येणार?"

भटकभवानी
+1 चाफा. आणि हेही विचारा की गाइडकडे सरकारी परीक्षेचा परवाना आहे का. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं. परवाना नसलेले सगळेच वाईट असं नाही हां. पण परवानावाल्यांना इतिहास विचारला की कुठूनही सुरू करता येतो.

कोथरूडकर
एवढे पैसे कशाला घालवायचे? बस आहे, मेट्रो आहे. आम्ही सगळं बसनेच केलं.

चाफा
कोथरूडकर, सत्तरीपुढचे आईवडील घेऊन नोव्हेंबरात कियोमिझू देवळाच्या बसमध्ये उभं राहून बघा आणि मग बोलू :)

कोथरूडकर
बरं बरं, मान्य. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, थंडीत गर्दी कमी असते.

निशिगंध
स्वयंपाक करता करता लिहितेय, तुटक वाटेल. आमचा गाइड तरुण मुलगा होता, विद्यार्थी, स्वयंसेवक. ही मुलं पैसे घेत नाहीत, त्यांचा प्रवास, तिकिटं आणि जेवण आपण करायचं. कियोमिझूदेरात सगळे त्या लाकडी सज्जाकडे पळतात, 13 मीटर उंच, एकही खिळा नाही वगैरे. तो आम्हाला बाजूच्या उतारावर घेऊन गेला. तिथे लहान लहान दगडी मूर्ती आहेत, पुष्कळ, गळ्यात लाल लाळेरी बांधलेली. जिझो. संस्कृतात क्षितिगर्भ. तो म्हणाला, जन्माआधी किंवा लहानपणी गेलेल्या बाळांना हा सांभाळतो, म्हणून आयांनी ही बांधलीत.

आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी तिथे खूप रडले. तो मुलगा काही न बोलता बाजूला थांबला आणि नंतर पाण्याची बाटली दिली. नवऱ्याने पहिल्यांदाच बाळाबद्दल काहीतरी बोलून दाखवलं.

ओसरी
निशिगंध, घट्ट मिठी.

सह्यकडा
🙏

टिटवी
निशिगंध तुझा प्रतिसाद वाचून सकाळीच डोळे भरले. लिहिलंस ते बरं केलंस गं. माझ्या मावशीला वाचून दाखवणार आहे.

निशिगंध
सगळ्यांना खूप प्रेम. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

पिंपळपान
शाकाहारी लोक काय खातात तिथे?? पुढच्या एप्रिलमध्ये जायचंय

भटकभवानी
पिंपळपान, बहुतेक रश्शात दाशी (उकळून काढलेलं पाणी) असते आणि ती माशाची असते, त्यामुळे नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. अराशियामा भागात तेन्र्यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु आहे, तिथे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं, शोजिन र्योरी. नान्झेनजी देवळाच्या आसपास युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू. बुडवून खायच्या सॉसबद्दलही विचारा. गाइड असेल तर हे सगळं तोच हॉटेलात बोलून देतो, माझ्या मते पैसे तिथेच वसूल.

पिंपळपान
बापरे. थेपले घेऊनच जाते मग

लिंबोणी
थेपल्यांबरोबर मेतकूट! भात सगळीकडे छान मिळतो, चिकट असतो पण मेतकुटाला चालतो.

दीपमाळ
मी नाराचं लिहिते. क्योतोहून रेल्वेने तासाभराच्या आत. तोदाइजी देवळातला दाइबुत्सु, जवळपास 15 मीटर उंच बसलेला बुद्ध. आमच्या गाइड काकांनी समोर उभं करून सांगितलं, 752 साली याचे डोळे उघडायचा सोहळा झाला तेव्हा हातात कुंचला धरणारा भिक्षू तुमच्या देशातला होता, बोधिसेन. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या, जमलेल्या लोकांनी त्या धरल्या, म्हणजे डोळे रेखण्यात सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला आजही शोसोइनच्या खजिन्यात आहे.

मी इतिहासात एम.ए. आहे आणि बोधिसेनाचं नाव मला तिथे, एका जपानी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. आपल्या पाठ्यपुस्तकात हा माणूस असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

सह्यकडा
दीपमाळ, अगदी सहमत. आणि सिद्धम् लिपी! कूकाईने चीनहून नेलेली. शिंगोन पंथाच्या देवळांत, थडग्यांवर बीजाक्षरं अजून त्याच लिपीत लिहितात. होमही करतात, त्याला गोमा म्हणतात.

कोथरूडकर
होम बघितलाय मी! समिधा, मंत्र, ढोल. आई तर हात जोडून बसूनच राहिली. तेवढं मात्र बसने जाऊनही दिसतं :)

लिंबोणी
गिओन या क्योतोतल्या गेइशांच्या वस्तीबद्दल एक सांगते. 2024 पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, 10,000 येन दंडाचे फलक लावलेत. आमच्या गाइडने रस्त्यावरच थांबवलं. एक माइको (शिकाऊ गेइशा) कामाला निघालेली दिसली तर म्हणाली, कॅमेरा खाली, तिला उशीर होतोय. मला फार आवडलं ते.

टिटवी
ओसरी, मी ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन जातेय. एक दिवस गाडी+गाइड. यादी: फुशिमी इनारी, कियोमिझू, किन्काकुजी, र्योआनजी, निजो किल्ला, अराशियामा. होईल ना?

ओसरी
टिटवी, निम्मी कर गं. बहुतेक देवळं चार-पाचला बंद होतात. फुशिमी इनारी कायम उघडं असतं, तिकीट नाही, म्हणून ते भल्या पहाटे गाडी यायच्या आधीच उरक. डोंगरावर थोडं वर गेलीस की गर्दी विरळ होते. तोरींच्या, म्हणजे वाटेवरच्या लाल कमानींच्या, मागच्या बाजूला देणगीदारांची नावं आणि तारखा कोरलेल्या असतात, उतरताना वाचता येतात. कियोमिझूला गाडी खालीच थांबते, पुढे चढ आहे, आईंना विचारून ठरव. र्योआनजी आणि किन्काकुजी जवळ जवळ, ते एकत्र ठेव. र्योआनजीत दगड-वाळूच्या बागेसमोर ओट्यावर बसता येतं, बागेत 15 दगड आहेत आणि कुठूनही बसलं तरी एक लपलेलाच राहतो. आईंना तिथे निवांत बसू दे. निजो आणि अराशियामा दुसऱ्या दिवशी. आणि गाइडला आधी मेल करून कळव, आईला काय आवडतं ते.

टिटवी
आईला झाडं आवडतात. आणि भजन.

दीपमाळ
मग मॉसच्या बागा दाखवा म्हणून सांग! गिओजी देऊळ छोटंसं आहे, अराशियामाच्या पलीकडे. सगळं हिरवंगार शेवाळ.

टिटवी
लिहून घेतलं. निजो रद्द. आई बाजूला बसून विचारतेय, नारातली हरणं चावतात का?

लिंबोणी
बिस्किटं हातात धरून उगाच ताटकळत ठेवलं तर ढुशी मारतात, कपडे ओढतात. पटापट द्यायची आणि संपली की दोन्ही रिकामे हात दाखवायचे, कळतं त्यांना. आईंना पदर खोचून घ्यायला सांग.