पितळी तांब्या हळदीने माखलेला दिसतोय, मदत करा

रंगकाडी:
नमस्कार मंडळी, शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती त्यानंतर पंधरा वर्षांनी आता परत वॉटरकलर हातात घेतलेत. पितळेचा तांब्या, दोन वांगी आणि एक लिंबू असं मांडून बसले. आकार बरा जमलाय पण रंगवल्यावर तांब्या हळदीने माखलेल्या मडक्यासारखा दिसतो, चमक नाहीच. सावलीसाठी पिवळ्यात काळा घातला तर चक्क शेवाळी झाला 😭 काय चुकतंय?

खोडरबर:
काळा आधी बाजूला ठेवा. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवटच होतो, सगळ्यांचा होतो. पितळेच्या सावलीला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या, अजून गडद हवं तर त्यातच थोडा अल्ट्रामरीन ब्लू. लिंबाच्या सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अगदी किंचित जांभळा. बाय द वे उजेड कुठून येतोय? खिडकीजवळ बसून वर ट्यूबही चालू असेल तर दोन-दोन सावल्या पडतात आणि सगळं सपाट होतं.

रंगकाडी:
अय्या, ट्यूब चालूच होती 🙈

तिरकी_रेघ:
मला वाटतं तुम्ही तांब्या गोल आहे म्हणून सगळीकडे गुळगुळीत शेडिंग केलंय, ते मातीच्या मडक्याला ठीक, पितळेला नाही. घासलेल्या पितळेवर गडद पट्ट्याला लागूनच एकदम पांढरी रेघ असते, मध्ये काहीच नाही. डोळे किलकिले करून बघा, बारीकसारीक सगळं जातं आणि उजेड-अंधाराचे चार-पाच टोन उरतात, तेवढेच पेन्सिलने हलके आखून घ्या. चमकेला कागद कोरा सोडायचा, मागाहून पांढरा पोस्टर कलर थापला की खडूसारखा दिसतो (विसरलातच तर थापा, कोण बघतंय). आणि वांगी शेजारी आहेत ना, मग त्यांचा जांभळा तांब्याच्या पोटात दिसत असणार, तो घातलात का? सावलीकडची कडसुद्धा पूर्ण काळी करू नका, टेबलावरच्या कापडाचा उजेड तिथे परत वर येतो.

खोडरबर:
+१. आणि खाली पडलेली सावली तांब्या टेकतो तिथे सगळ्यात गडद, लांब जाईल तशी फिकट आणि धूसर. नाहीतर तांब्या हवेत तरंगतो.

रंगकाडी:
रात्री फक्त टेबललॅम्पवर बसून परत केलं. पट्टा कोरा सोडला, जांभळा डाग घातला, सासूबाई बघून म्हणाल्या आत्ता घासलाय वाटतं! वांगी उद्या भाजीत जाणारेत, त्याआधी तेवढी उरकते.