सोसायटी ग्रुप: होमलोन कंपनीकडून डेटा फुटला, आता काय करायचं?

सुनीताताई (बी-२०३): आपल्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांचं होमलोन ज्या कंपनीचं आहे, तिचा मेल आलाय. 'काही ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची शक्यता आहे, पासवर्ड बदला.' स्क्रीनशॉट टाकलाय. एवढ्यावर भागेल का?

योगेश (सी-३०२): ताई, आधी तो स्क्रीनशॉट काढा, लोन अकाउंट नंबर स्पष्ट दिसतोय 🙏 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा.

योगेश (सी-३०२): पासवर्ड बदलाच, पण खरा धोका तिथे नाही. पॅन, आधार नंबर, जन्मतारीख बदलता येत नाहीत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: माझं नेमकं काय गेलं? पॅन, आधारची प्रत, खाते नंबर, सहीचा नमुना, खरेदीखताची प्रत? कधी गेलं, तुम्हाला कधी कळलं? मेल आयडी लोन ॲग्रीमेंटमधून घ्या, आलेल्या मेलमधून नको. डेटा फुटल्याचे मेलसुद्धा खोटे फिरतात.

भटूदादा (ए-००२): मना बी कर्ज तठेच शे. घरवाली सहकर्जदार शे, तिले बी हाई करनं पडी का?

पाटीलकाका (ए-१०१): हो भटूभाऊ, हे सगळं वहिनींच्या नावानेही करा. जामीनदार असेल तर त्यालाही सांगा, कंपनी त्याला कळवेलच असं नाही.

महाजनवहिनी (बी-४०१): क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुमच्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद. तो देणाऱ्या कंपन्या चार: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ॲपवर नुसता स्कोअर बघून काही कळत नाही, पूर्ण रिपोर्ट काढा. आणि चारही आजच काढून मोकळे होऊ नका. कर्जाची माहिती या कंपन्यांकडे ठरावीक दिवसांच्या अंतराने जाते, म्हणजे आज कोणी तुमच्या नावावर कर्ज उचललं तर उद्या ते दिसणार नाही. एक आज, दुसरा महिन्याने, बाकीचे पुढे अंतर ठेवून.

महाजनवहिनी (बी-४०१): रिपोर्टमध्ये कर्जांच्या यादीआधी 'एन्क्वायरी' बघा. कर्ज देणारा आधी तुमचा रिपोर्ट मागवतो, त्यामुळे पहिली खूण तिथे उमटते. तुम्ही कधी न गेलेल्या कंपनीची एन्क्वायरी, अनोळखी मोबाइल किंवा पत्ता दिसला की ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्याच पोर्टलवर डिस्प्यूट (हरकत) टाका आणि एन्क्वायरी करणाऱ्या कंपनीलाही लिहा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये मागता येतात.

योगेश (सी-३०२): आता आधार. माझ्या मते आज रात्री करायचं काम हेच. होमलोनच्या फाइलमध्ये खरेदीखत असतं, त्यावर फोटोखाली तुमचे अंगठ्याचे ठसे असतात आणि त्याच फाइलमध्ये आधारची झेरॉक्स. रबरी ठसा बनवून एईपीएसवरून (आधार नंबर आणि अंगठ्यावर पैसे काढायची सोय) खात्यातले पैसे काढतात, त्याला ओटीपी लागत नाही. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा मायआधार साइटवर बायोमेट्रिक (अंगठा वगैरे) लॉक करा. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी आहे, तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं.

सुनीताताई (बी-२०३): सासूबाईंचं रेशन अंगठ्यावर मिळतं. ते अडेल ना?

योगेश (सी-३०२): अडेल. दुकानात जाण्याआधी तात्पुरतं अनलॉक करा, थोड्या वेळाने आपोआप परत लॉक होतं. ओटीपीवरची कामं चालू राहतात. 'आधार नंबर लॉक' वेगळं, त्यासाठी आधी व्हर्च्युअल आयडी (आधार नंबरऐवजी वापरायचा तात्पुरता नंबर) काढावा लागतो. घरातल्या वयस्कर माणसांचं ते करू नका, नंतर निस्तरता निस्तरत नाही.

पाटीलकाका (ए-१०१): सही केलेले कोरे चेक दिलेत का ते आठवा. कागदी फाइलच गहाळ असेल तर चेक नंबर देऊन बँकेत स्टॉप पेमेंट करा, पण त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. न कळवता थांबवलेला चेक कंपनीने भरला तर कलम १३८ ची (चेक न वटल्याच्या गुन्ह्याची) नोटीस येऊ शकते. नुसता खाते नंबर फुटला म्हणून खातं बंद करायची गरज नाही, ईएमआय बाउन्स होऊन बसेल. बँकेच्या ॲपवर मॅंडेटची (खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची) यादी बघा, अनोळखी असेल ते रद्द करा.

भटूदादा (ए-००२): आनि फोन उनात तर?

महाजनवहिनी (बी-४०१): येणारच. 'व्याजदर कमी करतो, बाकी इतकी आहे' म्हणून अचूक आकडा सांगतील. आकडा बरोबर आहे म्हणजे माणूस कंपनीचा, असं नाही, तो आकडाच तर फुटलाय. बँका-फायनान्सच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ची सिरीज ठरलीय. तरी फोन ठेवा आणि स्टेटमेंटवरच्या नंबरला स्वतः लावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०, आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच.

सुनीताताई (बी-२०३): 'माझा सगळा डेटा काढून टाका' असं लिहू का?

पाटीलकाका (ए-१०१): केवायसी काढणार नाहीत. मनी लाँडरिंग कायद्याने कर्ज संपल्यावरही पाच वर्षं ठेवावं लागतं. जाहिरातीसाठी दिलेली संमती मात्र मागे घ्या. आणि नव्या डेटा कायद्यावर (वैयक्तिक माहिती जपण्याचा, डीपीडीपी) फार भिस्त नको. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. दंड २५० कोटींपर्यंत आहे, तो सरकारजमा होतो, ग्राहकाला नाही.

योगेश (सी-३०२): कंपनीने ३० दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर? सगळे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे धावतात.

पाटीलकाका (ए-१०१): बँक असेल तर तिथेच. ही हाउसिंग फायनान्स कंपनी आहे, तिची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर.

भटूदादा (ए-००२): आनि पतसंस्थानं?

पाटीलकाका (ए-१०१): पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. आपल्या धुळ्यात जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.