कॅम्परव्हॅनने कोकण किनारा आणि तेथील वन्यजीव : सोलापूरकरांचे अनुभव

धागाकर्ता, सोलापूर
नान्नजच्या माळावर काळवीट पाहत वाढलेले आपल्यापैकी बरेच जण आता हिवाळ्यात समुद्राची वाट धरू लागले आहेत. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून रत्नागिरीला उतरणारा महामार्ग आपल्याला सोयीचा आहे, आणि गाडीतच झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असली की उजाडताना आणि दिवस मावळताना किनाऱ्यावर हजर राहता येते. वन्यजीव पाहण्याच्या खऱ्या वेळा त्याच. मात्र याच गाडीचे वजन आणि दिवे किनाऱ्यावरील जिवांच्या मुळावर येऊ शकतात, म्हणून कोठे काय पाहिले याबरोबरच गाडी कोठे उभी केली, हेही प्रत्येकाने लिहावे अशी विनंती आहे. हॉटेले आणि मासळीच्या थाळ्या यांची चर्चा येथे नको.

टेम्पो ट्रॅव्हलरचे मालक व चालक, होटगी रस्ता
मी आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची मागची आसने काढून तेथे बिछाने, पाण्याची टाकी आणि लहान ओटा करून घेतला आहे. असा बदल करणाऱ्यांनी आरटीओची रीतसर मंजुरी अवश्य घ्यावी. रत्नागिरीहून उत्तरेकडे निघाल्यावर खाड्या आडव्या येतात, आणि वळसा घालण्यापेक्षा गाडी फेरीबोटीवर चढवणे कधीही चांगले. जयगड ते तवसाळ, पुढे गुहागर ओलांडून धोपावे ते दाभोळ, आणि अगदी वर वेश्वी ते बागमांडला, अशा या फेऱ्या आहेत. पाणी उतरलेले असताना धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि लांब गाडीचा मागचा भाग घासण्याची भीती असते, त्यामुळे बोटीवरील माणूस सांगेल तितक्याच वेगाने गाडी चढवावी. बोटीत शिरल्यावर मात्र गाडीत बसून राहू नये. दाभोळच्या खाडीवर तांबूस पाठीच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी इतक्या जवळून फिरतात की दुर्बिणीची गरज पडत नाही.

परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, कारण खारा वारा लोखंड खातो. कडक भाकरी न्यायची असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यातच न्यावी. आपल्याकडे महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी तेथील दमट हवेत लगेच सादळते.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
आमचे जाणे कासवांसाठी होते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारून निघून जाते. त्यानंतर ती परत फिरकत नाही. ही अंडी पूर्वी माणसे आणि कुत्रे-कोल्हे यांच्या तोंडी जात असत. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने संरक्षणाचे काम उभे केले आणि नंतर ते आंजर्ले, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर पसरले. आज कासवमित्र पहाटे किनारा चालत मादीचा माग काढतात आणि अंडी कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोलीवर पुन्हा पुरतात. पिल्ले बाहेर येण्यास दीड ते दोन महिने लागतात. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त निपजतात, हे तेथील कासवमित्राने सांगितले तेव्हा आमच्या मार्चमधल्या उन्हात वाढलेल्या नातीने त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडले.

आम्ही गाडी गावातच, आमची जेवणाची सोय करणाऱ्या काकूंच्या अंगणात उभी केली आणि अंधारातच पायी निघालो. घरट्यांवर टोपल्या उपड्या घातलेल्या असतात व सकाळ-संध्याकाळ त्या उचलून पाहतात. त्या सकाळी एका टोपलीखालची वाळू आधी थोडी खचली, मग तिच्यातून काळसर करडे नाक वर आले, आणि पाहता पाहता तळहातात मावतील अशी पिल्ले एकमेकांच्या पाठीवर पाय देत बाहेर पडली. त्यांना उचलून थेट पाण्यात सोडत नाहीत. काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. पहिली लाट बहुतेकांना उलटी मागे आणून टाकते. तरीही ती तोंड वळवून पुन्हा निघतात, आणि हे पाहताना माझे डोळे भरून आले.

पिल्लांना दिशा कळते ती समुद्रावरील क्षितिजाच्या उजेडावरून. त्यामुळे किनाऱ्यालगत उभ्या गाडीचा दिवा, कंदील, अगदी मोबाइलचा प्रकाशही त्यांना उलट्या वाटेला लावू शकतो. सुरूच्या बनात समुद्राकडे दारे उघडून, दिवे लावून रात्र काढण्याची हौस अनेकांना असते. कासवांच्या हंगामात ती सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. वाळूवर गाडी नेणे तर सर्वथा गैर आहे, कारण माग न सापडलेले एखादे घरटे चाकांखाली दडपून जाऊ शकते.

महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रस्ता
शिक्षिकाताईंच्या लिखाणात एक भर घालतो. ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगवेगळी असावीत, या समजाला या एका मादीने धक्का दिला. आम्ही गुहागरला गेलो तेव्हा कासव दिसले नाही, पण त्या वाळूवरून चालताना हीच गोष्ट मनात होती.

पक्षीनिरीक्षक, हिप्परगा तलावाचे नेहमीचे
किनाऱ्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहावी लागते. कोकणातील जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. एकादशी असेल तर भरती सव्वाआठच्या सुमारास, आणि तेथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंढरपूरच्या जिल्ह्यात एकादशी कोणाला विचारावी लागत नाही, तेव्हा आपल्याला हा हिशेब सोपा जावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप मागे हटते आणि मोठा चिखलपट्टा उघडा पडतो. त्यावर चिखल्या, तुतारी, कुरव उतरतात, आणि नशीब असेल तर काळ्या-पांढऱ्या अंगाचा, लांब नारिंगी चोचीचा कालवफोड्या खडकांवर दिसतो. आंजर्ल्याजवळ आम्ही तो निवांत पाहिला. पाणी पुन्हा चढू लागते तसे पक्षी माणसाच्या दिशेने सरकत येतात, म्हणून भरती सुरू होण्यापूर्वीच जाऊन बसावे व मुळीच हलू नये. माळरानावर ज्यांनी ही सवय लावून घेतली आहे त्यांना येथे वेगळे काही शिकावे लागत नाही.

पक्षी नसतील तेव्हा पायांखाली पाहावे. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळीसारखी नक्षी असते. लहान खेकडे वाळूतील सूक्ष्म अन्न काढून घेतात व उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. एक खेकडा बिळाबाहेर येऊन सहज दहा-बारा गोळ्या ओळीने मांडतो आणि सावली पडताच बिळात नाहीसा होतो.

गृहिणी, साखर पेठ
डॉल्फिनबद्दल थोडेसे लिहिते. कोकणातील कुबडी डॉल्फिन उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाजवळ वावरतात. ते क्वचितच उंच उडी मारतात. पाठीचा उंचवटा वर येतो, श्वासाचा फुसकारा ऐकू येतो आणि ते पुन्हा खाली जातात. एका ठिकाणी नाववाले त्यांच्या मागे इंजिन पळवत होते, ते मला अजिबात पाहवले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एका वयस्कर नाववाल्या मामांना आधीच विनंती केली, त्यांनी इंजिन बंद केले, आणि थोड्या वेळाने एक जोडी आपणहून नावेच्या बाजूने निघून गेली. पैसे ठरवतानाच ही अट घालावी.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. चिपळूणजवळ वाशिष्ठी खाडीत ओहोटीच्या वेळी काठावर ऊन खात पडलेल्या मगरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी अवश्य लिहावे. विजयदुर्गापासून खाली मालवण, वेंगुर्ल्यापर्यंतचा एकही अनुभव अद्याप आलेला नाही. त्या भागात कोणत्या ग्रामपंचायतीने गाडी रात्रभर उभी करू दिली, पाणी कोठे भरता आले आणि शौचालयाची टाकी कोठे रिकामी करता आली, ही माहिती विशेष हवी आहे, कारण नोव्हेंबरमध्ये आमची तीन कुटुंबे त्याच बाजूला निघणार आहेत.