बॅच रेकॉर्डमधली राहिलेली नोंद

प्रश्न: औषध कारखान्यात बॅच रेकॉर्डमध्ये (एका बॅचच्या उत्पादनाच्या नोंदींचा कागद) एफबीडीचं (गरम हवेने माल सुकवणारं यंत्र) दुपारी २ चं इनलेट तापमान (आत जाणाऱ्या हवेचं) लिहायचं राहिलं. सुपरवायझर म्हणतात, "आधीचा आकडा बघून भरून टाक." काय करावं?

उत्तर १: अंदाजाने भरू नका. रकान्यात 'नोंद घेतली नाही', कारण, आत्ताची तारीख-वेळ आणि सही. लगेच क्यूएला (गुणवत्ता विभागाला) कळवून डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत चूक झाल्याची अधिकृत नोंद) उघडा.

उत्तर २: डेटा लॉगर (आकडे आपोआप साठवणारं उपकरण) असेल तर २ चा आकडा तिथून मिळेल. 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून प्रिंट जोडा. ऑडिटर हेच दोन आकडे ताडून बघतात. कागदावर ६०, लॉगरवर ६४, की संपलं! व्हाइटनर तर नकोच. चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

उत्तर ३: सुपरवायझरांशी वाद नको. "सर, लॉगरशी जुळलं नाही तर तपासणीची सही तुमची आहे," एवढं पुरतं.